परबवहिनी आणि क्लोपिडोग्रेल

प्रिय ईशान आणि अनया,

मागच्या रविवारी तुम्ही मला व्हिडिओ कॉलवर गोळी घेताना पाहिलंत. मी गोळी तळहातावर ठेवली, काहीतरी पुटपुटले आणि मग पाणी प्यायले. ईशान म्हणाला, "आजी, तू गोळीशी बोलतेस?" अनया इतकी हसली की फोन तिच्या हातातून पडला. तुमचा बाबा पलीकडून म्हणाला, "वय झालं की होतं असं."

वय झालं हे खरं, पण पुटपुटण्याचं कारण ते नाही. त्याचं कारण परबवहिनी. त्या आता या इमारतीत राहत नाहीत. त्यांच्या घरात एक नवं जोडपं भाड्याने आलं आहे. परवा त्या मुलीने मला विचारलं, "काकू, आधी इथे कोण राहायचं?" मी "परब" एवढंच सांगितलं आणि घरी आल्यावर वाटलं, हे काही उत्तर झालं नाही. म्हणून लिहायला बसले.

तुम्ही लहान असताना मुलुंडला आलात तेव्हा समोरच्या दारातल्या ज्या बाईंनी तुम्हाला नारळाची वडी दिली होती, त्याच परबवहिनी. बुटक्या, रुंद, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. फोनवर बोलताना आवाज असा लावायच्या की समोरचा माणूस पवईला असला तर तारेशिवायही ऐकू जावं. माहेर मालवणकडचं. माझ्याशी मुंबईच्या मराठीत बोलायच्या, पण राग आला, आनंद झाला किंवा घाई असली की मालवणी सुरू. म्हणजे बहुतेक वेळ मालवणीच. मी मुलुंडच्याच एका शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून त्या मला 'बाई' म्हणत. बाकी सगळ्यांना त्यांनी स्वतःची नावं ठेवली होती. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे 'पट्टेवालो वाघ', कारण त्यांचे शर्ट पट्ट्यांचे. लिफ्ट म्हणजे 'म्हातारी', कारण ती कण्हत वर यायची.

एका माणसाचं नाव मात्र त्या घेतच नसत. ते म्हणजे त्यांचे यजमान, सदानंद परब. नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं नाही, अशी जुनी रीत. घ्यायचंच झालं तर उखाण्यात घ्यायचं, म्हणजे दोन ओळींचं यमक जुळवून त्यात ते बसवायचं, तेही लग्नात, मंगळागौरीला, चार बायकांनी आग्रह केल्यावर. तुमच्या आजोबांना मी 'अहो' म्हणायचे, पण बँकेत, पोस्टात नाव सांगताना मला कधी काही वाटलं नाही. वहिनींचं तसं नव्हतं. परब बाल्कनीत असले आणि त्यांना आत बोलवायचं असलं, तर त्या पातेल्यावर डाव वाजवत. परब उठून येत. गिरणी बंद पडल्यावर भांडुपच्या एका गोदामात सुपरवायझरकी करून निवृत्त झालेला हा माणूस दिवसातून मोजकी वाक्यं बोले. डावाच्या आवाजावरून जेवण तयार आहे की मुलाचा फोन आला आहे, हेही त्यांना कळे.

मग परबांना हृदयविकाराचा झटका आला. अँजिओप्लास्टी झाली, ते घरी आले आणि त्यांच्यामागोमाग औषधांची एक मोठी पिशवी आली.

वहिनींनी गोळ्यांनाही दिसण्यावरून नावं दिली. 'चपटी', 'बोंडुलो', 'लाल टोपीवाली', 'अर्धी करवंटी'. घरात ते व्यवस्थित चाललं होतं. एका महिन्यात मात्र औषधवाल्याने तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं आणि पांढरी चपटी गुलाबी झाली. वहिनींनी तिला गोळ्यांच्या डब्यातच घेतलं नाही. "ही आमची नाय," म्हणून बाजूला ठेवून दिली. दोन दिवसांनी परबांची छाती धडधडायला लागली आणि मुलगा प्रसाद पवईहून धावत आला. गोळ्यांची पट्टी हातात घेऊन त्याने विचारलं, "आई, ही का नाही दिलीस?"

"चपटी पांढरी असता. ही कोण?"

"ही तीच! मेटोप्रोलोल!"

"मग तसा कपाळावर लिवन ठेव. माका काय म्हायत?"

प्रसाद मुलगा म्हणून गुणी, पण घाबरला की साहेब होतो. त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं, "मी तुम्हाला दोघांना पवईला घेऊन जाणार. हे घर भाड्याने देऊ."

पवईला प्रसादचा मोठा फ्लॅट आहे, खिडकीतून तलाव दिसतो. वहिनी तिथे चार दिवस राहून आल्या होत्या. त्यांचं म्हणणं, तिथे खिडकी उघडता येत नाही, मासेवाली वर येत नाही, शेजारी दार उघडलं की हसतो आणि बंद करतो. आणि परब तिथे पहिल्या दिवशीच सोफ्याच्या कोपऱ्यात पाहुण्यासारखे बसले ते निघेपर्यंत तसेच बसून राहिले. "ह्यांका तिकडे नेलंय तर हे बोलूकच विसारतले," त्या मला म्हणाल्या. "आधीच काय बोलतत मोठे?"

शेवटी माय-लेकांत करार झाला. गणपतीपर्यंत मुदत. तोवर आईला बाबांच्या सगळ्या गोळ्यांची नावं तोंडपाठ आणि स्पष्ट सांगता आली, तर मुक्काम मुलुंडला. नाहीतर पवई. दर रविवारी फोनवर परीक्षा.

दुसऱ्याच दिवशी वहिनी पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. "बाई, शिकवा. माझा घर तुमच्या हातात."

मी पद्धतशीर सुरुवात केली. लांब इंग्रजी शब्द मुलांकडून म्हणवून घ्यायची माझी एक युक्ती होती. शब्द शेवटाकडून धरायचा आणि पुढे पुढे जोडत जायचा. ग्रेल. डोग्रेल. पिडोग्रेल. क्लोपिडोग्रेल. सुरुवातीपासून म्हटलं की जीभ मध्येच दमते. शेवटाकडून आलं की प्रत्येक वेळी ओळखीच्या घरी पोचते.

"म्हणजे माशाची खवलां काढतत तशी," वहिनी म्हणाल्या. "शेपटीकडसून."

"अगदी तशीच."

दुसरी गोष्ट मी सांगितली, ती त्यांना फारच आवडली. बऱ्याच औषधांच्या नावाची शेपटी म्हणजे त्यांचं आडनाव. शेवटी 'सार्टन' असलं की ती रक्तदाबाची. 'स्टॅटिन' असलं की कोलेस्टेरॉलची. 'प्रॅझोल' असलं की पोटातल्या आम्लाची.

वहिनींचे डोळे चमकले. "आमच्यातल्या 'कर'सारखा! वेंगुर्लेकर, मालवणकर. मग ह्यो टेल्मिसार्टन आणि तुमच्या शेजारणीचो लोसार्टन, भाऊ भाऊ?"

"चुलत म्हणा."

"मग तेंच्यात भांडणा असतली," त्या खात्रीने म्हणाल्या.

जोर कुठे द्यायचा, तेही मी शिकवलं. ॲटोरव्हास्टॅटिन म्हणताना 'स्टॅ'वर थांबा, असा माझा आग्रह. तीनदा सुधारल्यावर वहिनींनी पट्टी खाली ठेवली. "बाई, डॉक्टराक समजला म्हणजे झाला. गोळी मुलुंडात घेवची आसा, इंग्लंडात पाठवची नाय."

माझ्यासमोर त्या सगळी नावं बरोबर म्हणत. पण रविवारी फोन वाजला आणि प्रसादने साहेबी आवाजात "हं, सांग" म्हटलं की खवलं काढलेला मासा पुन्हा पाण्यात निसटायचा. "क्लो... क्लो... थांब मेल्या, होता तोंडात!" पहिल्या रविवारी तर त्याने परीक्षेची सुरुवातच चुकीच्या प्रश्नाने केली.

"समज, हॉस्पिटलमध्ये आहोत. पेशंटचं नाव?"

वहिनींनी बाल्कनीकडे बघितलं.

"आई, पेशंटचं नाव?"

"तुझे बाबा."

"'तुझे बाबा' या नावाने केसपेपर निघत नाही!"

बाल्कनीतून परब म्हणाले, "निघता निघता. मी सही करीन." त्या दिवशीचं त्यांचं ते बहुधा एकमेव वाक्य.

श्रावण आला. खालच्या मजल्यावरच्या नव्या सुनेची मंगळागौर होती. फुगड्या झाल्या, झिम्मा झाला, माझे गुडघे दुखले, आणि मग नाव घ्यायची वेळ आली. प्रत्येक बाईने ठरलेले उखाणे घेतले, चांदीच्या ताटातले आणि महादेवाच्या पिंडीवरचे. वहिनींची पाळी आली. दोनच दिवसांपूर्वी त्या रविवारच्या परीक्षेत पुन्हा नापास झाल्या होत्या. डोक्यात दुसरं काही नव्हतंच. त्यांनी पदर सावरला, नेहमीप्रमाणे डोळे मिटले आणि एका श्वासात म्हणाल्या,

"खिडकीत कुंडी, कुंडीत वेल,
सदानंदरावांना देते मी क्लोपिडोग्रेल!"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग जो हशा उठला तो रस्त्यावर ऐकू गेला असेल. वहिनींनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना आधी वाटलं, आपलं काही चुकलं. मग चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. एकही अक्षर अडलं नव्हतं.

"बाई," त्या गर्दीतून ओरडल्या, "बरोबर होता?"

"पूर्ण मार्क!" मीही ओरडले. तुमच्या आजीने मंगळागौरीत ओरडल्याची ती एकमेव नोंद.

उखाण्यात कुणी अडखळत नाही, कारण सगळ्या बायका कान टवकारून बसलेल्या असतात आणि यमक पुढे उभं राहून बोलावत असतं. वहिनी आयुष्यभर तेच करत आल्या होत्या. तोंडाला अवघड जाणारं एक नाव दोन ओळींत बसवून एका दमात पार करायचं. आता नावं वाढली, एवढंच.

पुढचे दिवस त्यांच्या स्वयंपाकघरातून नुसती यमकं ऐकू येत. पुष्कळशी मला दारात उभी करून ऐकवली जात. धडधडीच्या गोळीचा उखाणा असा झाला:

"शिमग्याच्या मांडावर वाजू दे ढोल,
यांच्या छातीत नको म्हणून मेटोप्रोलोल."

आणि रात्रीच्या गोळीचा:

"मालवणच्या खाज्याचा संपवला टिन,
आता झोपताना घ्या ॲटोरव्हास्टॅटिन."

मी म्हटलं, "वहिनी, खाजं तेलात तळलेलं. कोलेस्टेरॉलच्या गोळीबरोबर ते शोभत नाही."

"संपवला म्हणतंय ना? पश्चात्ताप आसा तो."

रक्तदाबाच्या उखाण्यावर मात्र घरात तंटा झाला. तो असा:

"रविवारच्या वड्यांबरोबर बंद केलं मटण,
प्रेशरला यांच्या टेल्मिसार्टन."

परबांचं मटण खरोखरच बंद झालं होतं. ते मला जिन्यात भेटले तेव्हा गंभीरपणे म्हणाले, "बाई, लगीन झाल्यापासून हिना माजा नाव धड घेतल्यान नाय. आता घेता ता गोळयेच्या आडसून. आणि वर मटणाची आठवण करून देता."

इमारतीतल्या बायका रांग लावू लागल्या. मधुमेहवालीला मिळालं: "श्रीखंडाची वाटी लांबूनच पाहीन, दोन घासांमध्ये मेटफॉर्मिन." मला थायरॉइडचं मिळालं. तेच तुम्ही ऐकलंत:

"सकाळी उठून उपाशीपोटी लेव्होथायरॉक्सिन,
अर्धा तास झाल्याशिवाय चहा कसा पिईन?"

यात नाव आहे, वेळ आहे आणि पथ्यही आहे. शाळेत मी इतका पूर्ण धडा क्वचित घेतला असेन.

आणखी एक गोष्ट त्याच दिवसांत घडली. परबांच्या खिडकीत तोवर एकही झाड नव्हतं. एका संध्याकाळी परब लिफ्टमधून मातीची कुंडी उचलून आणताना दिसले. कुंडीत गोकर्णाचा वेल. मी विचारलं, "हे काय, बागकाम?"

"ही सगळ्यांका सांगता, खिडकीत कुंडी, कुंडीत वेल," ते कुंडी खाली टेकवत म्हणाले. "घरात वेल नाय. बायकोचा बोलणा खोटा पडूक नको."

रविवारच्या परीक्षेत वहिनी उखाणे म्हणायला तयार नव्हत्या. पोटच्या मुलासमोर नवऱ्याचं नाव घ्यायची त्यांना लाज वाटे. त्यामुळे निकाल अजून लागायचाच होता, आणि गणपती दोन-तीन दिवसांवर आला.

गणपतीच्या वर माटवी टांगतात. लाकडी चौकट असते, तिला फळं, नारळ, रानफुलं बांधतात. परबांची चौकट माळ्यावर होती. वहिनी बाजारात गेल्याचं बघून परब स्टुलावर चढले. आवाज ऐकून मी धावले, तेवढ्यात वहिनीही जिन्यात पोचल्या. परब जमिनीवर बसले होते, कपाळ फुटलं होतं, चौकट मात्र छातीशी सुखरूप धरलेली. जखम फार मोठी नव्हती, पण रक्त थांबेना. टॉवेल बांधला, रिक्षा केली आणि आम्ही तिघं जवळच्या हॉस्पिटलात गेलो. रिक्षातूनच मी प्रसादला फोन लावला. औषधांची पिशवी घरी राहिली हे आम्हाला दारात पोचल्यावर कळलं.

अपघात विभागात एक तरुण डॉक्टर होता, आमच्या प्रसादहूनही लहान. शेजारच्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये घातलेला एक माणूस कण्हत होता. डॉक्टरने टॉवेल उचलून बघितलं आणि घाईने विचारलं, "पेशंटचं नाव?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात रिक्षापासून चालूच असलेल्या फोनमधून प्रसादचा आवाज आला, "बाई, स्पीकर चालू आहे ना? आईला सांगू दे." तो घाबरला होता, म्हणून साहेब झाला होता.

डॉक्टर म्हणाला, "आजी, पटकन. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? कुठली? नाव लागेल मला."

वहिनींचा चेहरा पांढरा पडला होता. हातावर परबांचं रक्त. त्यांनी तो हात साडीला पुसला, पदर खांद्यावरून पुढे ओढला, पाय जुळवले आणि डोळे मिटले. मला कळलं काय होणार ते.

"खिडकीत कुंडी, कुंडीत वेल," भर अपघात विभागात त्यांचा तो फोनवरचा आवाज घुमला, "सदानंदरावांना देते मी क्लोपिडोग्रेल!"

शेजारच्या खाटेवरचं कण्हणं थांबलं. सिस्टर हातात कापूस घेऊन तशीच उभी राहिली. डॉक्टरचं पेन हवेत.

"क्लोपिडोग्रेल," तो सावकाश म्हणाला. "सदानंद... आडनाव?"

"परब," वहिनी म्हणाल्या. आडनावाला हरकत नव्हती.

"बरं झालं सांगितलंत. सिस्टर, दाबून धरा. टाके घालू, आणि डोक्याचा सीटी स्कॅन करून घेऊ. अजून काय चालू आहे?"

मग ढोल वाजला, खाज्याचा टिन संपला. प्लास्टरवाला कोपरावर रेलून म्हणाला, "वा मावशी! अजून एक होऊ द्या!" वहिनी 'रविवारच्या' एवढंच म्हणाल्या आणि टॉवेलाखालून परबांचा आवाज आला, "मटणाचा नको गो. भूक लागता."

हे ऐकून वहिनी पहिल्यांदा रडल्या. मग फोनमधून प्रसाद म्हणाला, "आई, मी निघालोय," आणि तो आवाज साहेबाचा नव्हता.

सीटी स्कॅन स्वच्छ आला. कपाळावर टाके घेऊन परब घरी परतले. गणपती मुलुंडलाच बसला, माटवीही बांधली. पवईचा विषय कुणी काढला नाही. आरतीनंतर प्रसाद आईजवळ जाऊन हळूच म्हणाला, "आई, माझ्या ॲसिडिटीच्या गोळीचं काही आहे का गं?"

"नाव काय?" वहिनींनी साहेबी आवाजात विचारलं.

"पॅन्टोप्रॅझोल."

मोदक वाढता वाढता त्या म्हणाल्या, "ऑफिसच्या टेन्शनने पोटात झोल, चहाच्या आधी घे रे पॅन्टोप्रॅझोल."

त्यानंतर परबांनी आणखी काही गणपती बघितले. गेल्या मार्गशीर्षात ते दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. वहिनींनी चहा झाल्यावर पातेल्यावर डाव वाजवला. मग पुन्हा वाजवला. मी माझ्या घरात तो आवाज ऐकला आणि दार उघडून बाहेर आले.

महिन्याभराने वहिनी आपणहून प्रसादला म्हणाल्या, "आता येतंय." ज्यांच्यासाठी राहायचं होतं ते राहिले नव्हते. त्या जाण्याआधीची एक सकाळ मला आठवते. मी त्यांच्याकडे बसले होते. बेल वाजली. दर महिन्याला गोळ्या घरपोच देणारा औषधवाल्याचा माणूस होता. त्याला कुणी कळवलं नव्हतं. पिशवीवरचं नाव वाचून तो म्हणाला, "सदानंद परब?"

मी उठू लागले. वहिनींनी हाताने मला थांबवलं. पदर सावरला नाही, डोळे मिटले नाहीत.

"सदानंद परब गेले," त्या म्हणाल्या.

नावाला 'राव' जोडलं नव्हतं, पुढे यमक नव्हतं. माणूस पिशवी घेऊन परत गेला. वहिनी दाराला हात लावून उभ्या राहिल्या, लिफ्ट कण्हत खाली जाईपर्यंत. मग आत जाऊन त्यांनी वेलाला पाणी घातलं.

तो वेल त्या जाताना माझ्याकडे ठेवून गेल्या, कारण पवईला खिडकी उघडत नाही. तो माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. त्याला आज दोन फुलं आली आहेत. आणि माझी सकाळची गोळी मी नाव घेऊनच घेते.

तुमची,
आजी